आंग्रिया बँकेची शाखा कुठे आहे? : परिभाषा समित्यांना खुले पत्र

सागरविज्ञान आणि मत्स्यव्यवसाय या विषयांची मराठी परिभाषा ठरवणाऱ्या सर्व समित्यांच्या सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत 31 वर्षे भूगोल शिकवला. त्यातली निदान पंचवीस वर्षे ‘सागरतळरचना’ हा धडा माझ्या वाट्याला आला. एका वर्षी तो शिकवताना मी मुलांना म्हटले, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 105 किलोमीटरवर, विजयदुर्गच्या पश्चिमेला, पाण्याखाली आंग्रिया बँक आहे. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “बाई, तिची शाखा देवगडात खंय आसा?” वर्ग हसला, मीही हसले. निवृत्त झाल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पोराचे चुकले नव्हते. त्याला मराठीतून जे ऐकू आले, त्याचा अर्थ तोच होत होता.

आंग्रिया बँक म्हणजे पाण्यात बुडालेला एक सपाट उंचवटा. लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी सुमारे 15. त्याचा माथा पृष्ठभागापासून साधारण 20 मीटर खाली आहे आणि त्यावर प्रवाळ वाढलेले आहे. नाव पडले सरखेल कान्होजी आंग्र्यांवरून. इंग्रजांना ‘आंग्रे’ म्हणता येईना, म्हणून त्यांनी ‘आंग्रिया’ केले. तेच त्यांच्या नकाशांवर चढले. 1756 मध्ये विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला, पण तो कधीतरी परत मिळाला. हे आडनाव मात्र अजून परत घेतलेले नाही. वापरतो तेही मोडक्या उच्चारासकट, आणि शेपटीला बँक लावून! इंग्रजीत त्या शब्दाला अडचण नाही. पैशाची बँक आणि समुद्रातली बँक हे दोन्ही शब्द मुळात बाकड्याच्याच घरचे, आणि त्यांच्या खलाशाला दोन्ही अर्थ ठाऊक होते. आपल्याला एकच ठाऊक आहे.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले. आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये काही वर्षांपूर्वी एक माहितीसत्र झाले. कुठल्या कार्यालयाचे ते सांगत नाही, कारण माणसे चांगली होती, तळमळीने बोलत होती. त्यांनी एक पत्रक वाटले. त्यात असे काहीसे वाक्य होते: ‘अंतःसागरी उत्थित भूरूपांवर तलस्पर्शी कर्षजालांच्या वापरामुळे आनुषंगिक ग्रहणात वृद्धी संभवते.’ माझा थोरला भाऊ चाळीस वर्षे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, होता. त्याने चष्मा लावला, पहिली ओळ दोनदा वाचली, मग कागद उलटा करून पाहिला. म्हणाला, “मराठी पाठीमागे आसा काय?”

मी त्याला वाक्य सोडवून सांगितले: समुद्राखालच्या डोंगरांवर तळ खरवडणारे ट्रॉल जाळे ओढले, तर नको असलेली मासळी जास्त येते. तो म्हणाला, हे काय सांगायला पाहिजे? खाली डोंगर इलो की वर मासो गावता, आणि तळ खरवडला की सगळाच येता. म्हणजे त्या पत्रकातले शास्त्र त्याला आधीच माहीत होते, माहीत नव्हती ती फक्त भाषा. जी माहिती त्याच्याच धंद्यातून निघाली, ती त्याच्याकडे परत येताना असा वेष करून आली की त्याने तिला ओळखले नाही.

आपण परिभाषा का करतो, याचा तुमचा विचार माझ्यापेक्षा पक्का असणार. पण इंग्रजीने समुद्राखालच्या या रूपांना नावे कशी दिली, ते एकदा बघा. बँक म्हणजे बाकासारखा उंचवटा. नोल म्हणजे खेड्याबाहेरचे टेकाड. रिज म्हणजे घराच्या छपराचे आढे किंवा डोंगराची धार. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला गंगेच्या मुखापाशी पाण्याखाली एक प्रचंड घळ आहे. तिचे नकाशावरचे इंग्रजी नाव मराठीत सांगायचे तर ‘तळ न लागणारा पट्टा’ असे होईल. दोरीला शिसे बांधून खोली मोजणाऱ्या खलाशांच्या शिशाला तिथे तळ लागला नाही, म्हणून हे नाव. कुठल्या समितीने लॅटिन धातू शोधला नाही. जिथे शिसे टेकले नाही, तिथे ‘टेकत नाही’ असे लिहिले, आणि आज तेच शास्त्रीय नाव आहे.

एकच शब्द अडखळवतो तो ‘गीयो’, सपाट माथ्याच्या बुडालेल्या ज्वालामुखीसाठीचा. दुसऱ्या महायुद्धात हॅरी हेस नावाचा भूशास्त्रज्ञ पॅसिफिकमध्ये नौदलाच्या जहाजावर होता. जहाजाचे खोली मोजणारे प्रतिध्वनी यंत्र तो चालूच ठेवी, आणि कागदावर पुन्हा पुन्हा असे डोंगर उमटत, ज्यांचे शेंडे जणू सुरीने कापून काढले होते. 1946 मध्ये त्याने त्यांना आर्नोल्ड गीयो या भूगोलज्ञाचे नाव दिले. प्रिन्स्टन विद्यापीठात भूशास्त्र विभागाची जी इमारत होती, तिलाही याच गीयोचे नाव होते. फ्रेंच उच्चाराचा हा शब्द आपल्याकडे कुठे ‘गायोट’, कुठे ‘गुयोट’ असा लिहिलेला दिसतो. मी स्वतः सात-आठ वर्षे चुकीचा उच्चार शिकवला आहे. विद्यार्थ्यांनो, माफ करा.

पण मला सांगा, सपाट माथ्याच्या डोंगराला शब्द शोधायला कोकणातल्या माणसाने प्रिन्स्टनला कशाला जायचे? आमच्याकडे सडा आहे. देवगडहून विजयदुर्गला जाताना वर चढलात की जो लागतो तो: काळाभोर कातळ, पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा, मधूनमधून हापूसच्या बागा, आणि कडेला गेलात की सरळ खाली खाडी. कोकणातल्या कुठल्याही पोराला ‘पाण्यात बुडालेला सडा’ म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहील. घाटावरच्याला पाचगणीचे टेबललँड आठवेल, तेही चालेल. अरबी समुद्रात आपल्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात असाच एक बुडालेला सडा आहे, भूशास्त्रज्ञ दाराशा नोशेरवान वाडिया यांच्या नावाचा. शेजारी पणिक्कर नावाचा डोंगर आहे. एन. के. पणिक्कर म्हणजे गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक. आणि रामन यांच्या नावाचाही एक आहे. तज्ज्ञांचे म्हणणे असे की या डोंगरांचा ज्वालामुखी आणि दख्खनचा काळा दगड ओतणारा ज्वालामुखी यांचा उगम एकाच तप्त ठिकाणाशी जोडता येतो.

हे वाचल्यावर मी क्षणभर थांबले होते. म्हणजे हे डोंगर सह्याद्रीच्या भावकीतले निघाले! मग त्यांना सह्याद्रीचीच भाषा का लावू नये?

मराठीइतकी डोंगराची भाषा भारतातल्या फार थोड्या भाषांना असेल. आपल्याकडे धार आहे, सोंड आहे, सुळका आहे, कडा आहे, खिंड आहे, नाळ आहे, घळ आहे, माची आहे, पदर आहे, पठार आहे, टेपाड आहे, टेकाड आहे. हे शब्द कोशात झोपलेले नाहीत. दर रविवारी पुण्या-मुंबईची हजारो मुले पाठीवर सॅक टाकून डोंगरात जातात आणि हेच शब्द बोलतात. ‘सोंडेवरून चढलो, नाळेतून उतरलो’ हे त्यांना भाषांतर करून सांगावे लागत नाही. समुद्राच्या तळाशी याहून वेगळे काय आहे? लांबच लांब कणा म्हणजे धार. उभा टोकदार खडक म्हणजे सुळका. दोन उंचवट्यांमधली वाट म्हणजे खिंड. उतारात पाण्याने खोदलेली खोल वाट म्हणजे घळ. हे सगळे सोडून ‘कटक’, ‘कूट’, ‘दरण’, ‘उत्थान’ असे शब्द घेतले की मुलाला एकाऐवजी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: आधी शब्द, मग डोंगर.

यावर तुमचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण सभांमधून ते मी ऐकले आहे. शास्त्राला नेमका शब्द लागतो, बोलीतला शब्द सैल असतो. मला हे अर्धेच पटते. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेच्या व्याख्येत समुद्राखालचा डोंगर म्हणजे आजूबाजूच्या तळापासून 1,000 मीटरहून जास्त उंच असलेला. त्याहून बुटका आणि गोलसर असेल तर नोल. माथ्यावरचे पाणी सहसा 200 मीटरहून कमी, पण जहाज सुखरूप जाईल एवढे, असेल तर बँक. जहाज आपटेल इतके उथळ असेल तर त्याला वेगळे नाव. आता ‘नोल’ या इंग्रजी शब्दात 1,000 हा आकडा कुठे आहे? कुठेच नाही. साध्या टेकाडाला समितीने बसून व्याख्या दिली, आणि ते टेकाड नेमके झाले. आपणही ‘डोंगर’ म्हणजे 1,000 मीटरवरचा आणि ‘टेकाड’ म्हणजे त्याखालचा असे लिहून टाकावे. व्याख्या तुमची, शब्द आमचा.

आणि मी शुद्धीकरणवाली बाई नाही, हेही सांगून टाकते. ट्रॉलर ट्रॉलरच राहू द्या, पर्ससीन जाळ्याला संस्कृत टोपी घालू नका. दर्यावर शुद्ध भाषा कधी चाललीच नाही. नाखवा फारसीतून आला, बंदर फारसीतून, खलाशी आणि सुकाणू अरबीतून. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, तरी नाखव्याचा नाखवाच राहिला. जे शब्द वाऱ्याबरोबर आले ते किनाऱ्याने ठेवून घेतले, आणि जे आज येताहेत तेही ठेवून घेतो आहे. माझा भाचा मासळीच्या जागेला ‘पॉइंट’ म्हणतो, कारण त्याने ती जीपीएसवर टिपलेली असते. त्याचा बाप तीच जागा देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खाच एका ओळीत आणून शोधायचा. दोघांचीही जाळी एकाच खडपावर फाटली आहेत. शब्द परका आहे की नाही हा माझा प्रश्न नाही, माणसाच्या तोंडात तो आहे की नाही एवढाच आहे.

तुमच्याच कपाटात चांगली उदाहरणे आहेत. ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द पाठ्यपुस्तकात कोणी घातला मला माहीत नाही, पण भेटला तर त्याला मी बांगड्याचे तिखले खाऊ घालीन. किनाऱ्यालगत बुडालेल्या भूखंडाच्या कडेला ‘समुद्रबूड जमीन’ म्हटले की समजावून सांगायला काही उरतच नाही. त्याच्याच शेजारी कंसात ‘भूखंडमंच’ येतो आणि मुलाला नाटकाचा मंच आठवतो. दुसरा शब्द ‘आस’. जाळ्याच्या एका डोळ्याला मच्छीमार आस म्हणतात, आणि मासेमारीच्या सरकारी मराठीतही आसाचा आकार असेच लिहितात. त्यामुळे आस किती मिलिमीटरचा हवा यावर आमच्याकडे भांडणे होतात, पण आस म्हणजे काय यावर कधी झाली नाहीत. वाव हा शब्द मात्र जायच्या वाटेवर आहे. दोन हात पसरले की एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. माझा भाऊ अजून खोली वावांत सांगतो, भाचा मीटरमध्ये. कोशात निदान त्याची नोंद राहू दे.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढे काय अडले आहे? मालवणची होडी काही पणिक्करपर्यंत जात नाही. जात नाही, खरे आहे. पण तिथे होणारे निर्णय आमच्यापर्यंत येतात.

या डोंगरांवर मासळी जमते, कारण वाहते पाणी उतारावर आपटून वर चढते आणि खालचे खाद्य वर आणते. कुपा (ट्यूना) आणि त्याचे भाऊबंद तिथे घुटमळतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या अशाच डोंगरांवर एक तांबूस मासा थव्याने जमत असे. इंग्रजीत त्याच्या कुळाचे नाव होते चिकट डोक्याचा मासा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्याचे ‘ऑरेंज रफी’ असे गोंडस बारसे झाले, मोठमोठे ट्रॉल डोंगरमाथ्यावरून फिरले आणि थवेच्या थवे उचलले गेले. मागाहून कळले की हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि अंडी घालण्याच्या वयात यायलाच त्याला तिसेक वर्षे लागतात. ग्राहकाच्या ताटात आपल्या आजोबांच्या वयाचा मासा होता, आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते. नाव बदलले की मासा विकला जातो. तसे नाव अवघड केले की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो, हेही मी सोसायटीच्या हॉलमध्ये पाहिले आहे.

आता खाणकामाचे. 1981 च्या 26 जानेवारीला ‘गवेषणी’ या आपल्या जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याएवढे धातूचे गोटे पहिल्यांदा वर आणले. तेव्हापासून आपला देश या शर्यतीत आहे. जानेवारी 2024 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अफनासी निकितिन नावाच्या डोंगरावर कोबाल्ट शोधायची परवानगी मागितली. हा डोंगर सुमारे 400 किलोमीटर लांब आणि 150 रुंद आहे. तो सुमारे 4,800 मीटर खोलीवरून 1,200 मीटरपर्यंत वर येतो. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी त्याच्या माथ्याला पुरायच्या नाहीत, आणि वर पुन्हा किलोमीटरभर पाणी आहेच. श्रीलंकाही त्या भागावर आपला हक्क सांगते, म्हणून प्रकरण अडले आहे. त्याच्या अंगावर कोबाल्टची जी खपली धरली आहे, ती दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने वाढते. खरवडली की आपल्या हिशेबात ती संपलीच.

निकितिन कोण, हे मात्र आम्हाला परके नाही. त्वेर गावचा हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, 1469 च्या सुमारास, एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. पावसाळ्यात जुन्नरला अडकला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दटावले. महत्प्रयासाने घोडा परत मिळाला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाला समुद्राखालच्या डोंगरांचा धडा सुरू करायला याहून सोपे दार नाही. पण पाठ्यक्रमात दार उघडते ते ‘जलमग्न पर्वत’ या शब्दाने, आणि निकितिन बाहेरच उभा राहतो, घोड्यासकट.

जाता जाता एक गंमत. अरबी समुद्राच्या तळाशी जी मोठी धार आहे तिचे नाव कार्ल्सबर्ग, आणि होय, ती बिअरवालीच. 1928 ते 1930 मधल्या ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या सफरीला त्या मद्य कारखान्याच्या प्रतिष्ठानाने पैसे दिले होते. सप्टेंबर 2025 मध्ये भारताने याच धारेवर गंधकी खनिजांच्या शोधाचा करार केला. डिसेंबर 2024 च्या बातमीत हिंदी महासागरातल्या आणखी तीन रूपांना अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे मंजूर झाल्याचे वाचले. चांगलेच आहे. सम्राटांची सोय झाली. पण नावांच्या पुढे जो शब्द लागतो, धार की कटक, डोंगर की पर्वत, तो ठरवणे तुमच्या हातात आहे.

नकाशावर एखादा डोंगर नसला की काय होते, तेही घडून गेले आहे. जानेवारी 2005 मध्ये अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेला पूर्ण वेगात अशाच एका डोंगरावर आदळली. वापरात असलेल्या नकाशावर तो दाखवलेला नव्हता. एक खलाशी गेला. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा आजवर नीट मोजून झाला आहे. 2023 मध्ये उपग्रहांच्या मोजणीतून 19 हजारांहून अधिक नवे डोंगर एकदम यादीत आले. म्हणजे नावे ठेवायचे काम आत्ता कुठे सुरू होते आहे. उशीर झालेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. पुढची यादी छापायला जाण्याआधी ती तीन ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवा: सातपाटीला, हर्णैला आणि मालवणला. ऐकायला तांडेल असू देत, मासळी विकणाऱ्या बायका असू देत, कारण माशांची नावे त्यांच्याइतकी नेमकी कोणाला येत नाहीत. दोन-चार गिर्यारोहकही बोलवा. ज्या शब्दाला समोरचा माणूस “म्हणजे?” म्हणेल, त्याच्यापुढे फुली मारा. आणि आंग्रिया बँकेला ‘आंग्र्यांचा सडा’ म्हणता येईल का, एवढा विचार करा. भावाला मी हे नाव सांगून पाहिले. त्याने मान हलवली आणि विचारले, मग त्या सड्यार हापूसची कलमा खंय आसत? नाव समजले, ही माझ्या मते पावती.

यायचे असेल तर जूनमध्ये या. 1 तारखेपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात आणि माणसे जाळी दुरुस्त करत ओटीवर बसलेली असतात. हात गुंतलेले असतात, पण तोंडे मोकळी असतात. छत्री घेऊन या.

आपली नम्र,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग